फ्री डिशची छत्री स्वतः बसवताना

दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. पुढे नाव बदलून 'डीडी फ्री डिश' झालं, वाहिन्या वाढल्या, पण मूळ गोष्ट तीच राहिली: सामान एकदाच विकत घ्यायचं, महिन्याचं भाडं नाही. कुणी फ्री डिशचं 'मासिक रिचार्ज' मागत असेल, तर तो माणूस फसवतोय.

सह्याद्री वाहिनी, बातम्या, आकाशवाणी, मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम हे सगळं एका छत्रीवर मिळतं. ती छत्री बसवायला तंत्रज्ञच लागतो असं नाही. दोन माणसं, अर्धा दिवस आणि थोडा धीर एवढ्यावर काम होतं. मात्र एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. हे काम बिघडतं ते दिशा न सापडल्यामुळे कमी, आणि वाकडा उभा राहिलेला खांब, घाईत लावलेला कनेक्टर आणि ढिले बोल्ट यांमुळे जास्त. म्हणून या तिन्हींवर इथे बराच वेळ घालवला आहे.

सिग्नल येतो कुठून

फ्री डिशचा सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतो. इस्रोचा हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान-५ रॉकेटने सोडला गेला. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून तो फिरतो, त्यामुळे आपल्याला एकाच जागी दिसतो. म्हणूनच छत्री एकदा नीट रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही.

महाराष्ट्र आणि गोवा या उपग्रहाच्या पश्चिमेला आणि उत्तरेला येतात. त्यामुळे आपल्याकडून तो आग्नेयेला दिसतो, आणि चांगला उंच दिसतो. उत्तरेपासून उजवीकडे मोजलेली दिशा आणि क्षितिजापासूनची उंची अशी धरा:

मुंबई: दिशा १३१ अंश, उंची ५७.५
नाशिक: दिशा १३४, उंची ५७.५
पुणे: दिशा १३२, उंची ५९
कोल्हापूर: दिशा १२९, उंची ६०.५
छत्रपती संभाजीनगर: दिशा १३६, उंची ५९
नागपूर: दिशा १४४.५, उंची ६०
पणजी: दिशा १२७, उंची ६१

बरोब्बर आग्नेय म्हणजे १३५ अंश. म्हणजे संभाजीनगरला छत्री जवळजवळ नेमकी आग्नेयेला, नागपूरला जरा दक्षिणेकडे झुकलेली आणि गोव्यात जरा पूर्वेकडे. तुमचं गाव या यादीत नसेल तर जवळच्या दोन गावांमधला अंदाज धरा. शेवटची जुळवणी सेट-टॉप बॉक्सच्या सिग्नल-मीटरवरच होते.

सामान

• ६० सेंटिमीटरची ऑफसेट डिश, तिची एलएनबी (डिशसमोर बसणारी, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारी डबी) धरणारी भुजा आणि मागचा क्लॅम्प. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा जिथे मुसळधार पाऊस नेहमीचा आहे तिथे ७५ किंवा ९० सेंटिमीटरची घ्या. जास्तीचे पैसे पहिल्याच पावसाळ्यात वसूल होतात.
• केयू बँड (फ्री डिशचा सिग्नल ज्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात येतो तो) युनिव्हर्सल एलएनबी. त्यावर ९७५०/१०६०० असे आकडे छापलेले असतात, ते बघूनच घ्या.
• बेस प्लेट आणि खांबाचा तुकडा, चार फास्टनर (८ किंवा १० मिलिमीटरचे).
• आरजी-६ केबल, लागेल त्यापेक्षा दोन मीटर जास्त.
• एफ कनेक्टर (केबलच्या टोकाला लावायचा आट्यांचा जोड) चार. लागतात दोनच, पण पहिले दोन बहुधा वाया जातात.
• सेट-टॉप बॉक्स. एमपीईजी-४ (चित्र दाबून लहान करण्याची नवी पद्धत) चाच घ्या. जुने एमपीईजी-२ बॉक्स स्वस्तात मिळतात, पण त्यांवर बऱ्याच वाहिन्या लागतच नाहीत.
• ड्रिल, पाने (१० ते १३ नंबर), ओळंबा, पाणसळ, धारदार कटर, रबराची सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप, केबल टाय, मोबाइलमधलं होकायंत्र.

नव्या टीव्हींपैकी काहींच्या मागे उपग्रहाचं इनपुट थेट असतं. तुमच्या टीव्हीच्या माहितीपत्रकात डीव्हीबी-एस२ असं लिहिलं असेल, तर वेगळा बॉक्स न घेताही काम होऊ शकतं.

घरात जुन्या डीटीएच कंपनीची डिश पडलेली असेल तर पत्रा आणि स्टँड खुशाल वापरा. पत्रा पोचलेला किंवा पिळलेला नाही ना, एवढं बघा: डिशच्या कडेवर आडवा-उभा असे दोन दोरे ताणून बांधा. मध्यभागी ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मध्ये फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबत असेल, तर पत्रा पिळलेला आहे आणि सिग्नल कमी मिळणार. जुना एलएनबी मात्र बहुतेक वेळा बदलावाच लागतो, कारण त्याची आतली फ्रिक्वेन्सी वेगळी असू शकते.

जागा निवडताना

छत्रीपासून आग्नेयेला ६० अंश चढत जाणारी वाट मोकळी हवी. आपल्याकडे उपग्रह उंच असल्यामुळे समोरच्या इमारतीची भीती वाटते तितकी नसते. १० मीटरवरची इमारत छत्रीपेक्षा १५ मीटर उंच असली तरी सिग्नल तिच्या डोक्यावरून येतो. खरी अडचण जवळच्या आणि वरच्या गोष्टींची: डोक्यावरचा छज्जा, वरच्या मजल्याची बाल्कनी, नारळाची झावळी. छज्जा छत्रीच्या दीड मीटर वर असेल, तर त्याची कड उपग्रहाच्या दिशेने छत्रीच्या पुढे पाऊण मीटरपेक्षा जास्त आलेली नको. आंबा-नारळाचं झाड आत्ता आड येत नसेल, तरी पुढच्या दोन वर्षांची वाढ धरूनच जागा ठरवा. पानं सिग्नल अडवतात, ओली पानं आणखी जास्त.

जागा तपासायची एक बिनचूक युक्ती सूर्यच देतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, १२ तारखेच्या आसपास, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराच्या थोडं आधी सूर्य नेमका जीसॅट-१५च्या मागे येतो. त्या वेळी जिथे छत्री लावायची आहे तिथे ऊन पडत असेल, तर वाट मोकळी आहे. सावली असेल, तर तीच सावली सिग्नलच्याही आड येणार. त्याच दिवसांत त्या वेळेला काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं, कारण सूर्याच्या रेडिओ लहरींचा गोंगाट सिग्नलवर चढतो. तो बिघाड नाही. छत्रीला हात लावू नका.

सिमेंटच्या पत्र्यावर चढून काम करू नका. तो पत्रा माणसाचं वजन पेलत नाही आणि तुटताना चाहूलही देत नाही. वीजवाहिनीच्या जवळून लांब पाइप किंवा डिश नेऊ नका. सोसायटीत राहत असाल तर गच्चीवर भोक पाडण्याआधी परवानगी घ्या, आणि भोक वॉटरप्रूफिंगच्या थरात न पाडता कठड्याच्या भिंतीत पाडा.

स्टँड उभा करणं

छत्री ज्या खांबावर फिरते तो खांब ओळंब्यात उभा हवा. खांब एक अंश जरी कलला, तरी छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही गुपचूप बदलते. मग दिशा शोधताना दोन गोष्टी एकाच वेळी हलतात आणि तास-तास सिग्नल सापडत नाही. पाणसळ खांबाला एकदा समोरून आणि एकदा बाजूने लावा. दोन्हीकडून बुडबुडा मधोमध आल्याशिवाय फास्टनर पूर्ण आवळू नका. भिंत वाकडी असेल तर बेस प्लेटखाली वॉशर घालून खांब सरळ करा.

भोक फास्टनरच्या मापाचंच पाडा आणि आतला भुगा फुंकून किंवा ब्रशने काढा. भुगा राहिला की फास्टनर आत धरत नाही, आवळताना फिरत राहतो. पोकळ विटांच्या भिंतीत किंवा गिलाव्याच्या जाड थरात फास्टनर लागत नाही. तिथे काँक्रीटचा भाग शोधा, नाहीतर बेस प्लेट एका जड सिमेंट ठोकळ्याला बोल्टने बांधा. छत्री म्हणजे वाऱ्यासाठी शीडच आहे.

केबल आणि कनेक्टर

हे काम खाली घरात, उजेडात, टेबलावर करा. गच्चीवर उन्हात कनेक्टर लावायला गेलं की घाई होते.

केबलच्या टोकापासून १५ मिलिमीटरवर बाहेरचं काळं आवरण गोल कापा. कटर हलका दाबा, आतली जाळी कापली जाऊ नये. आवरण ओढून काढलं की चमकणारे बारीक तारांचे धागे दिसतात, हीच जाळी. ती सगळी मागे वळवून काळ्या आवरणावर चारी बाजूंनी सारखी पसरवा. आता आतला पांढरा फोम आणि त्यावरचं अॅल्युमिनियमचं पातळ वेष्टन दिसेल. टोकाकडचा ८ ते १० मिलिमीटर फोम कापून मधली तार उघडी करा. तारेवर फोमचा पातळ थर चिकटून राहतो. तो नखाने खरवडून काढा, ब्लेडने नको. ब्लेडची ओरखड तांब्याचा मुलामा काढते आणि तिथून तार गंजते.

एकही धागा मधल्या तारेला चिकटलेला नाही ना, ते डोळ्यांजवळ धरून बघा. एक केसाएवढा धागा शॉर्ट करतो आणि एलएनबीला वीज मिळत नाही. एफ कनेक्टर फिरवत आत ढकला. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट आला आणि मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर आली की काम झालं. फोम मागे राहिला तर जोड ढिला बसतो, पुढे आला तर कनेक्टर पूर्ण आवळला जात नाही.

क्रिम्पिंग किंवा कॉम्प्रेशनचा कनेक्टर आणि त्याचं हत्यार मिळालं तर तेच वापरा. फिरवून लावायचे कनेक्टर चालतात, पण वर्ष-दोन वर्षांत ढिले होतात.

आता केबलबद्दल. बाजारातल्या बऱ्याच आरजी-६ केबलची मधली तार शुद्ध तांब्याची नसते, पोलादावर तांब्याचा मुलामा असतो. लोहचुंबक लावून बघा, चिकटला की कळलं. २० ते ३० मीटरपर्यंत ती चालते, पण त्यापुढे शुद्ध तांब्याचीच घ्या, कारण याच तारेतून एलएनबीला वीजही जाते. केबल मध्ये जोडू नका. जोडाशिवाय पर्याय नसेल तर तो पत्र्याखाली कोरड्या जागी ठेवा. केबल कोपऱ्यावर मोडू नका, मुठीएवढं वळण ठेवा. एलएनबीच्या खाली केबलचा एक लोंबता फास सोडा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत घरात किंवा कनेक्टरमध्ये न जाता खालून टपकेल.

बॉक्सला काय सांगायचं

छत्री हलवण्याआधी बॉक्स तयार हवा. बॉक्सची वीज बंद ठेवूनच केबल जोडा. चालू बॉक्सला केबल जोडताना तार कनेक्टरच्या कडेला लागली, तर १३-१८ व्होल्टचा शॉर्ट होतो आणि काही बॉक्सचा ट्यूनर कायमचा जातो.

मग बॉक्स सुरू करून मेनूमध्ये इन्स्टॉलेशन किंवा अँटेना सेटिंग उघडा. पासवर्ड मागितला तर बहुतेक बॉक्सवर ०००० चालतो. पुढीलप्रमाणे भरा:

१. उपग्रह: जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व. जुन्या बॉक्सवर इन्सॅट-४बी असंही नाव असतं, तेही चालतं. तो याच जागेवरचा आधीचा उपग्रह.
२. एलएनबी प्रकार: युनिव्हर्सल, ९७५०/१०६००.
३. २२ के: ऑटो, नाहीतर बंद.
४. डायसेक (एकाहून जास्त एलएनबींमधून एक निवडण्याची सोय): बंद.
५. एलएनबी पॉवर: चालू किंवा १३/१८.
६. ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक): ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिंबॉल रेट २९५००.

आता पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथवर भरवसा ठेवू नका. ती फक्त एलएनबी चालू आहे आणि केबल धड आहे एवढंच सांगते. छत्री भिंतीकडे रोखली तरी ती ५०-६० टक्के दिसू शकते. हवा असलेला उपग्रह सापडला की नाही, हे क्वालिटीच सांगते.

टीव्ही खाली आणि छत्री वर असेल तर एक जण टीव्हीसमोर मोबाइलचा व्हिडिओ कॉल लावून पडदा दाखवत राहील. याहून बरं म्हणजे बॉक्स आणि एक लहान टीव्ही कोरड्या दिवशी गच्चीवरच न्या. हे जमत असेल तर जरूर करा. निरोप्याच्या ओरडण्यावर छत्री जुळवणं खूप कठीण जातं.

दिशा धरणं

आधी उंची. क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतील तर ५८ ते ६० वर ठेवा. खुणा नसतील तर एक गोष्ट लक्षात घ्या. ऑफसेट डिश जितकी वर बघते तितकी दिसत नाही. तिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती डोळ्यांना दिसणाऱ्या कलापेक्षा साधारण २४ अंश जास्त वर बघत असते. नवखा माणूस इथेच चुकतो. उपग्रह उंच आहे म्हणून तो छत्री आकाशाकडे उताणी करतो आणि सिग्नल कितीतरी खाली राहतो. डिशच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडा. उभं माप ६५ सेंटिमीटर असेल, तर ओळंब्याची दोरी आणि डिशची खालची कड यांत पुणे-मुंबईकडे साधारण ३६ सेंटिमीटर आणि नागपूरकडे ३८ सेंटिमीटर अंतर हवं. हे सुरुवातीचं माप आहे, एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे चालेल.

उंचीचे बोल्ट इतके आवळा की छत्री स्वतःहून खाली येणार नाही, पण हाताने जोर दिला तर हलेल.

मग दिशा. होकायंत्र छत्रीपासून दोन-तीन मीटर दूर उभं राहून बघा, कारण लोखंडाजवळ सुई भरकटते. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभरापेक्षा जास्त फरक पडत नाही, म्हणून तो धरायची गरज नाही. आपल्या दिशेवरचा दूरचा एखादा मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी किंवा झाड हेरून ठेवा आणि छत्रीची भुजा तिकडे रोखा.

शेजारच्या डिशही वाट दाखवतात. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर आहे, म्हणजे आपल्या उपग्रहाच्या अगदी लगत, मुंबईतून पाहिलं तर दोन अंश पूर्वेला आणि अंशभर खाली. शेजाऱ्याची ती डिश जिकडे बघते त्याच्या किंचित दक्षिणेला आणि किंचित वर आपली जागा. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर आहे, त्या डिशकडे बघून जाऊ नका.

ही जवळीक अडचणही करते. ६० सेंटिमीटरची डिश साधारण तीन अंशांचा पट्टा बघते, म्हणून शेजारचा उपग्रहही तिच्या नजरेत येतो. स्वस्तातलं सुईचं सॅटेलाइट फाइंडर कोणताही उपग्रह सापडला की शीळ घालतं, कोणता ते सांगत नाही. फाइंडर वाजतोय आणि बॉक्सवर क्वालिटी शून्य, याचा अर्थ बहुधा तुम्ही शेजारच्या उपग्रहावर आहात.

आता छत्री हळूहळू फिरवा. किती हळू? डिशच्या कडेशी अर्धा सेंटिमीटर सरकणं म्हणजे एक अंश. खांबावर, क्लॅम्पपाशी, तेच सरकणं मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढं असतं, म्हणून क्लॅम्प धरून नाही, डिशची कड धरून हलवा. कड अर्धा सेंटिमीटर सरकवा, मग मनात तीनपर्यंत मोजा. बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. सतत फिरवत राहिलं तर उपग्रह समोरून निघून जातो आणि पट्टी हलतही नाही. अंदाजाच्या डावीकडे १० अंश, उजवीकडे १० अंश बघून झालं आणि काहीच आलं नाही, तर उंची एक अंशाने बदलून पुन्हा तोच फेरा. दिशा आणि उंची एकाच वेळी बदलू नका.

क्वालिटी एकदा उसळली की तिथे थांबू नका. छत्री एका बाजूला नेत राहा, क्वालिटी पडू लागली तिथे खांबावर पेन्सिलची खूण करा. मग दुसऱ्या बाजूला, तशीच खूण. दोन खुणांच्या मधोमध छत्री आणा. उंचीचंही असंच करा.

एलएनबी फिरवणं

हा भाग बहुतेक लोक विसरतात आणि पावसाळ्यात पस्तावतात. जीसॅट-१५ आपल्या ठीक दक्षिणेला नाही, बराच पूर्वेला आहे. त्यामुळे त्याच्या उभ्या लहरी आपल्याकडे तिरक्या पोचतात. मुंबई-पुण्याला हा तिरकेपणा सुमारे ४५ अंशांचा, कोल्हापूर-गोव्याकडे ५० अंशांच्या जवळ आणि नागपूरला ३३ अंशांच्या आसपास.

डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहा. एलएनबीचं केबल लावायचं तोंड घड्याळातल्या सहाच्या जागी असेल, तर ते साडेचारच्या दिशेने वळवायला लागा. नागपूरकडे पाचच्या जवळच थांबा. प्रत्येक कंपनीच्या एलएनबीची आतली रचना थोडी वेगळी असते, म्हणून हे फक्त सुरुवातीचं ठिकाण. तिथून पाच-पाच अंश इकडे-तिकडे फिरवून क्वालिटी सर्वात जास्त कुठे मिळते ते बघा. मग क्लिप किंचित सैल करून एलएनबी दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर करून पाहा. कधी कधी त्यानेही चार-पाच टक्के वाढतात.

क्वालिटी आधीच ८०-९० वर पोचली असेल तर शेवटचे बारकावे पट्टीवर दिसत नाहीत. अशा वेळी ओला केलेला सुती रुमाल एलएनबीच्या तोंडावर टाका. पाणी सिग्नल शोषतं, क्वालिटी ५०-६० वर येते आणि छत्री केसभर हलवली तरी पट्टी स्पष्ट हलते. याच स्थितीत सर्वात वरचा आकडा शोधा, मग रुमाल काढा.

आवळताना

बोल्ट आवळताना छत्री सरकते, उंचीचा बोल्ट विशेषतः. एकेक बोल्ट पूर्ण आवळत जाऊ नका. डावा पाव फेरा, उजवा पाव फेरा, पुन्हा डावा, आणि दर वेळी क्वालिटीवर नजर. एखादा बोल्ट आवळताना आकडा पडला तर मागे येऊन छत्री उलट बाजूला किंचित दाबून धरा आणि मग आवळा. सगळं झाल्यावर डिशची कड हाताने हलकी ढकलून सोडा. आकडा खाली जाऊन पुन्हा जसाच्या तसा आला पाहिजे. आला नाही तर कुठेतरी ढिलाई आहे.

आता एलएनबीच्या कनेक्टरवर रबराची टेप ताणून, खालून वर गुंडाळत लावा, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी घरंगळून जातं. साधी काळी इन्सुलेशन टेप किंवा पारदर्शक चिकटपट्टी उन्हात सहा महिन्यांत सुटते.

वाहिन्यांचा शोध

मेनूत ऑटो सर्च किंवा ब्लाइंड स्कॅन लावा, पाच ते दहा मिनिटं थांबा आणि सेव्ह करा. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. त्यामुळे काही वाहिन्या जातात, काही येतात, विशेषतः १ एप्रिलच्या सुमारास. आवडीची वाहिनी अचानक दिसेनाशी झाली तर छत्रीला हात लावण्याआधी नव्याने स्कॅन करा.

दोन टीव्ही चालवायचे असतील तर केबल साध्या स्प्लिटरने फोडू नका, दोन तोंडांचा ट्विन एलएनबी लावा आणि प्रत्येक बॉक्सला वेगळी केबल न्या.

बिघाड झाला तर

स्ट्रेंथ आणि क्वालिटी दोन्ही शून्य: एलएनबीला वीज पोचत नाही. आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडून जाळीचा धागा आणि गंज बघा, मग एलएनबी पॉवर मेनूत चालू आहे का ते. मल्टीमीटर असेल तर केबलच्या वरच्या टोकाला मधली तार आणि बाहेरचा धातू यांत १३ किंवा १८ व्होल्टच्या आसपास वीज दिसली पाहिजे. वीज येते तरी पट्टी शून्य, म्हणजे एलएनबी गेला.

स्ट्रेंथ आहे, क्वालिटी नाही: दिशा चुकली, उपग्रह चुकीचा, किंवा मेनूतला एलएनबीचा आकडा चुकीचा. कालपर्यंत चालत होतं आणि आज असं झालं, तर रात्री वारा होता का, भुजेवर वानर बसलं होतं का ते बघा. पेन्सिलच्या खुणा इथे उपयोगी पडतात.

काही वाहिन्या लागतात, काही फुटतात: एलएनबीचा कोन पुन्हा तपासा. तोही बरोबर असेल तर कनेक्टर बघा. एलएनबीकडून केबलमध्ये उतरणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि मोबाइल टॉवरही याच पट्ट्यात बोलतात. जाळी नीट न बसलेल्या कनेक्टरमधून टॉवरच्या लहरी आत शिरतात आणि नेमक्या थोड्या वाहिन्यांना खातात.

वाऱ्यात चित्र फुटतं: खांब किंवा क्लॅम्प ढिला आहे, नाहीतर झाडाची फांदी वाटेत येते.

पाऊस थांबूनही सिग्नल येत नाही: कनेक्टरमध्ये पाणी. उघडा, मधली तार हिरवी किंवा काळी पडली असेल तर तेवढा भाग कापून नवा कनेक्टर लावा. पाणी केबलच्या जाळीतून बरंच आत जातं, म्हणून तार स्वच्छ लागेपर्यंत कापत जा.

हळूहळू, आठवड्यांमध्ये क्वालिटी उतरत गेली: एलएनबीच्या तोंडाचं प्लास्टिकचं झाकण बघा. उन्हाने तडकलं की आत पाणी जातं. कुंभारमाशी एलएनबीच्या तोंडावर किंवा भुजेच्या नळीत मातीचं घर करते, तेही काढा.

जोराच्या पावसात काही मिनिटं चित्र जाणं या पट्ट्यातल्या सिग्नलला चुकत नाही. पावसाचे थेंबच लहरी गिळतात. पण रिमझिमीतही चित्र जात असेल, तर छत्री कमाल आकड्यावर नाही. ओल्या रुमालाची जुळवणी पुन्हा करा.

मे महिन्याच्या शेवटी एकदा गच्चीवर जा. बोल्ट तपासा, त्यांवर ग्रीसचा हात फिरवा, टेप सुटली असेल तर नवी लावा, छत्रीवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण ओल्या फडक्याने पुसा. छत्रीच्या खांबाला हिरवी अर्थिंगची तार जोडून ती घराच्या अर्थिंगपर्यंत नेलेली असावी. विजा चमकू लागल्या की बॉक्सचा प्लग काढाच, आणि शक्य असेल तर मागची केबलही. केबल मात्र पहिला गडगडाट ऐकू येण्याआधीच काढा. वीज डोक्यावर आल्यावर तिला हात लावू नका.